कोवळ्या डोळ्यांचा दाखला

आमच्या प्रयोगशाळेचं वेळापत्रक कोल्हापूरचे खाटीक ठरवायचे. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत बापडे. बुधवार, शुक्रवार, रविवार हे इकडचे मटणाचे वार. त्या दिवशी सकाळी बर्फाच्या डब्यातून बोकडांचे डोळे यायचे आणि कागलच्या औद्योगिक वसाहतीतलं आमचं काम सुरू व्हायचं. सोमवारी शुकशुकाट. श्रावणात तर यंत्रांवर चादरी घालून ठेवायच्या. परदेशात शिकून आलेली आमची माणसं श्रावण कधी सरतोय म्हणून कॅलेंडर बघत बसायची.

मी डॉ. शैलजा हत्तरकी, त्या प्रयोगशाळेची प्रमुख. आणि मी लिंगायत घरातली. आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. डोळे खाटकाकडून येतात एवढं मला ठाऊक होतं, पण त्याच्या दुकानाची पायरी मी जन्मात चढले नव्हते. ते खातं सलमा मुजावरचं. सलमा माझी सहकारी, सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट केलेली. मुंडी भाजायच्या आधी डोळा अलगद कसा सोडवायचा हे तिनं खाटकांना समजावून सांगितलं होतं. हुपरीला माहेरी गेले की माझी महानंदा वहिनी मला उंबऱ्यातच अडवायची. "आधी न्हाणीत जा. कुठल्या कुठल्या डोळ्यात हात घालून आलीयास कुणास ठाऊक!" असं म्हणत हसत हसत टॉवेल हातात द्यायची.

आता थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. डोळ्याच्या अगदी पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. डोळ्यात घातलेला प्रत्येक थेंब आधी या पडद्यावर पडतो. औषध दाहक असलं की पडदा गढुळतो. पूर्वी हे बघायला जिवंत सशाच्या डोळ्यात औषध घालत आणि डोळा किती लाल होतो, किती सुजतो याची नोंद करत. ते बंद झालं ते उत्तमच झालं, त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. त्याऐवजी खाण्यासाठी कापलेल्या जनावराचा पडदा काढून घ्यायचा, वाटीवर नीट बसवायचा आणि त्यावर औषध घालायचं. मग आरपार उजेड सोडून तो किती गढूळ झाला ते मोजायचं, आणि रंगीत पाणी वर घालून खाली किती झिरपतं ते मोजायचं. धड पडदा रंग झिरपू देत नाही.

अडचण अशी होती, की असा सुटा पडदा फार टिकायचा नाही. ती अडचण आमच्या 'पापणी' यंत्रानं सोडवली. खालून पडद्याला अन्न, वरून कृत्रिम आसवं, आणि उघडझाप करणारी रबरी पापणी. त्यात बोकडाचा पडदा महिनोन्‌महिने जिवंत राहायचा. त्यावर ओरखडा काढला तर तो आपला आपण भरून यायचा. दिल्लीहून माणसं येऊन तोंडात बोट घालून गेली आणि सरकारनं नियमच बदलला. पापणीवर तीन महिने टिकलेल्या थेंबाला माणसांवरची लांबलचक चाचणी माफ. थोड्या निरोगी लोकांच्या डोळ्यांत घालून बघायचं आणि बाजारात सोडायचं. एक गोष्ट मात्र पापणीला जमत नव्हती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. सुट्या पडद्याच्या नसा तोडलेल्या असतात, त्यामुळे त्याला दुखतंय का हे कळायला मार्ग नव्हता. पडदा स्वच्छ राहिला म्हणजे दुखतही नसणार, असं आम्ही धरून चाललो.

आणखी एक नियम होता, सगळ्या जगात चालतो तो. आलेला प्रत्येक पडदा आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. ओरखडा, डाग, धूसरपणा, काहीही दिसलं की टाकून द्यायचा. औषधानं काय बिघडवलं हे बघायचं तर सुरुवात स्वच्छ पडद्यापासून व्हायला हवी, त्यात चूक काहीच नाही. आमच्याकडं टाकाऊ पडदे फारच थोडे निघायचे. पुण्याहून पाहणीला आलेले साहेबलोक अचंबा करायचे. मी ताठ मानेनं सांगायची, "कोल्हापूरचा माल आहे, साहेब!"

कप्पाळ माझं!

तर अशा पडद्यांवर 'निकट' तपासलं गेलं. निकट म्हणजे चाळिशीचं औषध. चाळिशी उलटली की डोळ्यातलं भिंग कडक होतं आणि जवळचं दिसेनासं होतं. निकटचे थेंब ते भिंग पुन्हा मऊ करायचे. चष्मा गेला खड्ड्यात! तीन महिने पापणीवर रोज थेंब पडले आणि एकही पडदा गढुळला नाही. शहरातल्या निरोगी लोकांनाही काही झालं नाही. अहवालावर माझी सही आहे.

औषध बाजारात आलं त्याच दिवशी माझ्या थोरल्या भावानं, आण्णानं, हुपरीच्या मेडिकलमधून पहिली बाटली उचलली. आण्णा म्हणजे महालिंग हत्तरकी, चांदीचा कारागीर. आई-वडील लवकर गेले, मला आण्णानंच वाढवलं. ढोबळ पैंजणं आता सगळी चांदीचे थर चढवत वस्तू घडवणाऱ्या छपाईच्या यंत्रातून निघतात, त्याला माणूस लागत नाही. हातानं करायचं उरलंय ते फक्त केसासारख्या बारीक तारेचं काम. इवल्या इवल्या कड्या चिमट्यानं धरायच्या, एकीत एक गुंतवायच्या आणि डाख देऊन सांधायच्या. त्या कामात आण्णाचा हात धरणारा अख्ख्या गावात कुणी नव्हता. आणि चाळिशीनंतर त्यालाच कडी दिसेना. एकावर एक दोन चष्मे लावून बसायचा बिचारा. पोरंटोरं हसायची.

निकट घातल्यावर त्यानं मला फोन केला. "शैले, कडीचा सांधा दिसतोय गं! नुसत्या डोळ्यांनी!" मग गावभर सांगत सुटला, "माझ्या भणीचं औषध हाय." गावातल्या निम्म्या कारागिरांनी त्याच्याच सांगण्यावरून बाटल्या आणल्या. मला इतका आनंद झाला होता की मी सलमाला पेढे चारले.

पुढच्या दिवाळीच्या आधी मी हुपरीला गेले. आण्णा कामावरून उठून बाहेर आला, नुकताच मोटरवर पैंजणं चकाकवून. सोप्यात बसून तो काहीतरी गंमत सांगत होता आणि मी त्याच्याकडं बघता बघता गार पडले. त्याच्या उजव्या डोळ्यात, ऐन बुबुळावर, चांदीचा कीस चिकटला होता. लखलखत होता. आणि आण्णा हसत होता.

"आण्णा, डोळ्यात कण गेलाय तुझ्या."

"कुठं?" तो म्हणाला. "मला काय खुपत न्हाई."

डोळ्यात साधं कुसळ गेलं तर माणूस नाचतो. मी रुमालाच्या टोकानं तो कीस काढला. त्याची पापणी हलली नाही. मग मी कापसाचा धागा वळला आणि बाजूनं हळूच बुबुळाला लावला. आपला हा पडदा शरीरात सगळ्यात हळवा. नुसता कापूस लागला की दोन्ही डोळे फटकन मिटतात, मनात असो वा नसो. आण्णा माझ्याकडं टक लावून बघत राहिला. दुसऱ्या डोळ्यालाही तेच. विजेरीच्या उजेडात बघितलं तर खालच्या बाजूला राखाडी ठिपका दिसला, मोहरीच्या दाण्याएवढा.

"काय करतीयास? लाव की कापूस," तो म्हणाला.

"लावला, आण्णा."

तो हसायचा थांबला. आतून वहिनी आली आणि दाराला धरून उभी राहिली. "मी कवाधरनं म्हणतोय, ह्यांच्या डोळ्यात घाण असती आन् ह्यांस्नी पत्ता नसतोय," ती म्हणाली. आमच्याकडं बायका अशाच बोलतात, करतोय, म्हणतोय.

मी कागलला परत आले ती डोक्यात वारं भरल्यासारखी. निकटनं नसा बधिर केल्या असतील हे कळत होतं. पण नुसत्या बधिरपणानं ठिपका पडत नाही. पडदा रोज थोडा झिजतो आणि कडेच्या पेशींतून नवा थर सरकत येऊन भरून निघतो. ते भरून निघणं थांबलं तरच असा व्रण राहतो. मग आमच्या यंत्रातले पडदे का भरून निघत होते?

दुपारी डबा खाताना मी सलमाला हे सगळं सांगितलं. तिच्या डब्यात मटण होतं, ती थोडी बाजूला सरकून बसायची नेहमी, माझ्याखातर. मी सहज विचारलं, "सलमा, आपली बोकडं किती वयाची असतात गं?"

"वयाची म्हणजे? कोवळीच की." ती रस्स्यात भाकरी बुडवत म्हणाली. "जून बोकड दिलं तर गिऱ्हाईक खाटकाच्या तोंडावर फेकून मारेल मॅडम. कोल्हापुरात म्हातारं मटण कोण खातंय?"

आणि तिचा घास हातातच राहिला. तिला आयुष्यभर माहीत होतं, पण सांगण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं, कारण मी कधी मटण खाल्लंच नव्हतं. चाळिशी उलटलेल्या माणसांचं औषध आम्ही दुधाचे दातही न पडलेल्या बोकडांवर तपासलं होतं. कोवळा डोळा काहीही केलं तरी भरून येतो. वर त्यातले ओरखडा असलेले पडदे आम्ही निवडून फेकत होतो. हुपरीच्या कारागिरांचे डोळे म्हणजे काय? जन्मभर उडणारा कीस, मोटरची धूळ, डाखेचा धूर. नियमाप्रमाणे बघायचं तर आण्णाचा डोळा मी पहिल्या पाहणीतच कचऱ्यात टाकला असता.

म्हाताऱ्या शेळ्या आठवडी बाजारातून हायवेच्या ढाब्यांवर जातात. तिथे मसाला एवढा घालतात की कळत नाही, असं सलमा म्हणाली. तिनं तिकडच्या खाटकाशी बोलून डोळे आणले. झुडपांत तोंड घालून घालून ओरबाडलेले, डागाळलेले जुने डोळे. ते आम्ही पापणीत बसवले आणि निकट घातलं. नुसत्या खारट पाण्यातले जुने पडदे कसेबसे भरून येत होते. निकटमधले एकामागून एक पांढरे पडत गेले. रंगीत पाणी फुटक्या घागरीसारखं खाली गळत होतं.

मी अहवाल घेऊन साठ्ये साहेबांकडं गेले. ते आमचे संचालक. शांतपणे वाचला, चष्मा काढला (ते स्वतः निकट वापरत नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं) आणि म्हणाले, "शैलजाबाई, हे सगळे पडदे सदोष आहेत. नियमानुसार चाचणीला अपात्र. म्हणजे ही चाचणी झालेलीच नाही."

"साहेब, माणसांचे डोळेही सदोषच असतात!"

"त्या डोळ्यांसाठी आपल्याकडं नियम नाही."

"माझ्या भावाला दिसायचं बंद होईल!"

"भावाला म्हणावं थेंब बंद कर. घरगुती प्रश्न आहे." आणि त्यांनी मला चहा विचारला. मी तो अहवाल तिथंच टेबलावर आपटला आणि दुसरी प्रत औषध सुरक्षा समितीला पाठवून दिली. आठवड्यात माझं ओळखपत्र गेटवर चालेनासं झालं. सलमाला मीच म्हटलं, तू गप राहा, तुझी लेकरं लहान आहेत.

समितीनं उत्तर दिलं ते साठ्यांच्याच भाषेत. अपात्र पडद्यांचा पुरावा धरता येत नाही. परंतु अर्जदारानं माणसाच्या डोळ्यातला एक जरी पुरावा दाखवला तर औषधाचा फेरविचार करू. हुपरीत जाहीर सुनावणी ठेवली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी आण्णाकडं गेले. तो कामावर बसला होता. मी थेंब बंद करायला सांगून महिने झाले होते आणि बाटली त्याच्या शेजारी उभी होती.

"आण्णा, अजून घालतोस?"

"घालणार. न्हाई घातलं तर कडी दिसत न्हाई."

"अरे, ठिपका मोठा झालाय! एक दिवस सगळं पांढरं होईल, मग कडीही नाही, वहिनीचं तोंडही नाही. आत्ता थांबलास तर भरून येईल. मी औषध देते."

"आन् मग काय करू? सोप्यात बसून माश्या मारू?" त्यानं चिमटा खाली ठेवला. "शैले, व्यापारी मला चांदी कशावर देतोय? डोळ्यावर. उद्या तू त्या मंडपात सांगितलंस, ह्याचा डोळा गेला, की परवा कोण माझ्या दारात चांदी टाकणार हाय? आन् माझ्या एकट्याच्या न्हवं, सगळ्या गावाच्या."

"मग आंधळा हो. बस!" मी ओरडलेच.

तो माझ्याकडं वळला. "तू एवढीशी होतीस तवापास्नं मी तुझ्याकडं कधी काय मागितलंय?"

"नाही."

"मग आता मागतो. उद्या तोंड उघडू नकोस." "ह्यो हात चालतोय तवर मी माणूस हाय गं. त्याच्या पुढचं मला नको."

मला त्याची एवढी कीव आली आणि एवढा राग आला, की मी तशीच निघून आले. वाटेत एस.टी.त रडले. बाजूची बाई विचारत होती, कुणी गेलं का तुमचं?

सुनावणी गावच्या मंगल कार्यालयात होती. स्टेजवर कालच्या लग्नाची थर्माकोलची कमान तशीच, तिच्याखाली समितीच्या अध्यक्षबाई आणि दोन डॉक्टर. समोर खुर्च्यांवर निम्मी हुपरी. एकेक कारागीर उठून सांगत होता, डोळे झ्याक आहेत, औषध म्हणजे देवमाणूस आहे. ज्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं तेही तेच सांगत होते. मागच्या रांगेत व्यापारी बसले होते, सगळ्यांची नजर वळून वळून तिकडं जात होती.

शेवटी साठ्ये उठले. "तक्रारदार बाईंचे सख्खे बंधू इथे आहेत. त्यांनाच विचारावं."

आण्णा धुवट धोतर-सदऱ्यात होता. स्टेजवर चढताना त्यानं कठडा धरला. अध्यक्षबाईंनी विचारलं, औषधाचा काही त्रास?

"काय न्हाई. आमची शैलजा काळजी करती जास्त. आई न्हाई आम्हांला, तवा तिचा जीव अडकतोय माझ्यात." लोक कौतुकानं हसले. मलाही क्षणभर वाटलं, जाऊ दे. खरंच वाटलं. पण मला त्याच्या उजव्या डोळ्यातला ठिपका खालूनही दिसत होता. बुबुळाच्या मध्याकडं सरकलेला. अजून काही आठवडे, आणि मग कुठल्याही औषधानं उजेड परत येणार नव्हता.

मी उठून स्टेजवर गेले. "बाई, मला यांचा डोळा कापसानं तपासायचा आहे. समितीच्या डॉक्टरांनी शेजारी उभं राहावं."

आण्णानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "लाव की. भितो का काय मी?"

मला कळलं. घरी मी तपासलं तेव्हा त्यानं ते नीट लक्षात ठेवलं होतं. आता माझा हात जवळ येताना दिसला की तो पापणी मिटणार होता. आरशासमोर बसून सराव केला असणार त्यानं. किती वेळा बसला असेल, देव जाणे.

मी डाव्या हातानं अध्यक्षबाईंकडं बोट दाखवलं. "आण्णा, बाईंकडं बघ." लहानपणापासून मी सांगितलं की तो ऐकायचा, तसं त्यानं ऐकलं. उजव्या हातातला धागा मी कानाच्या बाजूनं, त्याच्या नजरेआडून आणला आणि बुबुळाला टेकवला. तसाच ठेवला.

तो अध्यक्षबाईंकडं बघत राहिला. भाबडेपणानं वाट बघत, की ही आता कधी तपासते.

समितीचा डॉक्टर वाकून बघत होता. पुढच्या रांगेतून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. ते ऐकून आण्णाच्या ध्यानात आलं आणि त्यानं दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. फार उशिरा. मागून कोणीतरी हसलं. मी वळून बघितलं, व्यापाऱ्यांपैकी कुणी होतं. त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली मला.

आण्णा वळला. कठडा धरून उतरला आणि खुर्च्यांच्या मधून चालत गेला. वहिनी त्याच्यामागून गेली.

तर मी जिंकले म्हणायचं. समितीनं आदेश काढला. निकट बंद झालं नाही. बाटलीवर बारीक अक्षरात एक ओळ आली, डोळ्याला जुनी इजा असल्यास वापरू नये. ती ओळ वाचायला निकट घालावं लागेल एवढी बारीक. पापणीवर आजही कोवळ्या बोकडांचेच पडदे बसतात, सलमा सांगते. नियम तोच आहे.

हुपरीत मात्र एक नवी रीत पडली. व्यापाऱ्यांच्या गादीवर आता कापसाची डबी असते. चांदी तोलून देण्याआधी कारागिराला समोर बसवायचं, दुसरीकडं बघायला सांगायचं आणि बाजूनं धागा लावायचा. पापणी मिटली तर काम, नाही मिटली तर घरी जा. माझी पद्धत त्यांनी अगदी बरोबर उचलली. काही जण घरी बसले. काहींनी निकट सोडलं, त्यांची पापणी मिटते, पण त्यांना कडी दिसत नाही. तेही घरीच बसले.

आण्णानं थेंब सोडले. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून मी औषधं पाठवत राहिले, वहिनी घालत राहिली. फोनवर तीच बोलायची, तुटक. आण्णा कामात आहे म्हणायची. कुठलं काम, हे मी विचारत नव्हते. डॉक्टर म्हणाले, व्रण भरला, नसाही परत येतायत, केस नमुन्यादाखल दाखवण्यासारखी आहे.

उन्हाळ्यात मी न कळवता गेले. आण्णा दारातल्या कट्ट्यावर बसला होता, जाड चाळिशी नाकावर. आत कामाच्या जागेवर गव्हाची पोती रचलेली दिसत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ होते. काच लख्ख पुसावी तसे. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

"आण्णा, डोळे कसे आहेत?"

"चांगले हायत."

"काही खुपतं का? धूळ गेली तर कळतं?"

"कळतंय की. तुमच्या कृपेनं आता सगळं खुपतंय."

तुमच्या. मी त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसायला गेले तर तो उठला आणि आतली खुर्ची आणून माझ्यासमोर ठेवली. खांद्यावरच्या पंच्यानं पुसली. मग घराकडं तोंड करून त्यानं हाक मारली, चांगल्या खणखणीत आवाजात.

"महानंदा, पाव्हण्या आल्यात. चहा ठेव."

वहिनी दारात आली. पदर सारखा केला, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "साखर किती घेता?"